कॅनॉलातली बाई आणि मार्टिन बेक

"पंच कोन होते?"

गोष्ट सुरू करून दोन मिनिटं झाली नसतील तर बाबांनी हे विचारलं. मी एका स्वीडिश कादंबरीची गोष्ट सांगत होतो, की स्वीडन देशात योटा नावाचा कॅनॉल आहे, तिथं जुलै महिन्यात गाळ काढायचं काम चालू होतं आणि मशीनच्या बकेटमधे गाळासोबत एका बाईचं प्रेत वर आलं, अंगावर कपडा नाही, ओळखीची एक वस्तू नाही, आसपास कोणी हरवल्याची तक्रार नाही. इथपर्यंत ऐकलं आणि बाबा खाटेवर उठून बसले. पंच कोन, पहिले कोनं पाह्यलं, ठान्यात खबर कोनं देल्ली, पीएम, म्हंजे पोस्टमार्टेम, कोठी झालं. मी म्हणलं बाबा तिकडची पद्धत वेगळी आहे, तर म्हणे, "पद्धत वेगळी असन, पन मयत त मयतच होय ना."

बाबा २१ वर्षं आमच्या गावचे पोलीस पाटील होते, साठ वर्षं पूर्ण झाल्यावर रिटायर झाले. शहरातल्या लोकांना पोलीस पाटील म्हणजे पोलीस वाटतो, तसं नाही, तो गावातलाच माणूस असतो, शेती करणारा, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणे नेमलेला, मानधनावर. गावात कोणाचा अपमृत्यू झाला की ठाण्यात कळवायचं आणि पोलीस येईपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवायची, कोणाला हात लावू द्यायचा नाही. विहिरीतून माणूस काढा म्हणून घरचे ऊर बडवून रडत असतात आणि हा एकटा माणूस त्यांना थांबवून धरतो, ज्या लोकांसोबत उद्या सकाळी परत पाराजवळ बसायचं आहे त्यांनाच. हे मी लहानपणापासून पाहिलंय म्हणून पोलिसांच्या कादंबऱ्या वाचताना माझं लक्ष खुनीपेक्षा या गोष्टींकडेच जास्त जाते.

तर ही गोष्ट मार्टिन बेक नावाच्या स्वीडिश पोलिसाच्या सिरीजमधली. माय श्योवाल आणि पेर वालो, नवराबायकोसारखे सोबत राहणारे दोघं लेखक, दोघांनी मिळून दहा पुस्तकं लिहिली, १९६५ ते १९७५. रात्री पोरं झोपली की टेबलाशी बसायचे, एक प्रकरण हिनं, एक त्यानं. प्रत्येक पुस्तकात बरोबर ३० प्रकरणं, म्हणजे दहा पुस्तकांची मिळून ३०० प्रकरणांची एकच मोठी कादंबरी, हे त्यांनी पहिलं पुस्तक लिहायच्या आधीच ठरवलं होतं. आणि ते पूर्ण केलं. दहावं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९७५ मधे, पेर वालो वारले. माय श्योवाल २०२० मधे गेल्या. आज स्वीडन नॉर्वेकडच्या ज्या क्राईम कादंबऱ्या जगभर वाचतात त्यांची पायवाट या दोघांनी पाडली आहे.

मी हे सगळं शेतात वाचलं, मोबाईलवर, इंग्रजीतून. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडं मोटारीची लाईन रात्री होती, रात्री बाराच्या पुढं, मग हरभऱ्याला पाणी सोडायचं आणि झोपडीत बसून राहायचं, तास दीड तासानं उठून बारं, म्हणजे पाण्याची वाट, बदलायचं, मधल्या वेळात वाचायचं. थंडी अशी की बोटानं स्क्रीन सरकत नव्हती. पहिलं पुस्तक, रोझॅना, चार रात्रीत संपलं आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी छपरीत बसून मी बाबांना सांगायला लागलो. त्यांना इंग्रजी येत नाही. मराठीत हे वाचायला मिळालं असतं तर पुस्तकच हातात दिलं असतं.

रोझॅनाची ताकद काय आहे सांगू का, त्यात काहीच होत नाही. म्हणजे खूप दिवस काहीच होत नाही. तीन महिने त्या बाईचं नावही कळत नाही. एसटी स्टँडवर ज्या पॉकेटबुका मिळायच्या त्यातला इन्स्पेक्टर दुसऱ्या पानावर सिगारेट पेटवून खुन्याचं नाव ओळखायचा, मी त्या पोत्यानं वाचल्या आहेत आणि मला आवडायच्या सुद्धा, पण हा मार्टिन बेक तसा नाही. याला सर्दी होते, पोट कायम बिघडलेलं, बायकोशी पटत नाही, घरी आला की लाकडाची छोटी जहाजं बनवत बसते. आणि वाट पाहते. मग एक दिवस अमेरिकेतून, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावाहून तार येते की ती बाई आमच्याकडची, रोझॅना मॅग्रॉ, लायब्ररीत काम करायची, फिरायला युरोपात गेली होती. मग कळते की ती कॅनॉलमधून जाणाऱ्या प्रवासी बोटीवर होती, आणि बोटीवर होते ८५ लोक, ते आता जगभर पांगलेले. मग काय करायचं? त्यांनी त्या प्रवाशांनी सुट्टीत काढलेले फोटो मागवले, हौसेनं काढलेल्या फिल्म मागवल्या, आणि एकेक फोटो पाहत बसले की यात ती कुठं दिसते, तिच्या बाजूला कोण उभं आहे. मोबाईल नाही, सीसीटीव्ही नाही. नुसतं पाहणं. बेक स्वतःलाच एका जागी आठवण करून देते की पोलिसाला लागणारे गुण आपल्यात आहेत, आपण हट्टी आहो, डोकं लावून चालतो आणि शांत राहतो. मला ते वाचताना अंगावर काटा आला कारण बाबांबद्दल कोणी मला विचारलं असतं तर मी हेच तीन शब्द सांगितले असते.

बाबांनी पूर्ण गोष्ट ऐकली. खुनी कसा सापडला ते इथं लिहित नाही, तुम्ही वाचा. ऐकून झाल्यावर ते खुनीबद्दल काही बोललेच नाही. म्हणे, "मंजे तिचं नाव सापडलं."

आता हे का म्हणाले ते सांगावं लागते.

मी नववीत होतो. आमच्या गावाच्या खालून अप्पर वर्धाचा कॅनॉल जातो, रब्बीची पाळी सुटली होती, कॅनॉल भरून चालला होता. संध्याकाळी गेटच्या जाळीला एक बाई अडकलेली दिसली. ढोरं घेऊन येणाऱ्या पोरानं पाहिलं. बाबा आणि कोतवाल कंदील घेऊन गेले, ठाण्यात निरोप धाडला, आणि मग पोलीस आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता. रात्रभर बाबा तिथं बसले. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर मला लांबूनच परत पाठवलं. कुत्रे येत होते, त्यांना हाकलत होते, आणि बाईच्या अंगावर बाबांनी स्वतःचा दुपट्टा टाकला होता हे मला कोतवालानं कितीतरी वर्षांनी सांगितलं. सकाळी पंचनामा झाला, मर्ग, म्हणजे अपमृत्यूची नोंद, दाखल झाला, पीएमचा कागद आला की पाण्यात बुडून मृत्यू. वय अंदाजे तीस, हिरव्या बांगड्या, डाव्या हातावर गोंदण. आठ दिवस वाट पाहिली, आजूबाजूच्या ठाण्यात कळवलं, कोणी आलं नाही. मग पुरून टाकलं. फाईलवर अनोळखी महिला.

बाबा त्यानंतर दोन वर्षं, कुठंही बाहेरगावी गेले, लग्नात, तेरवीत, बाजारात, तर विचारायचे. तुमच्याकडली कोनी बाई गेली का हो, हिरव्या बांगड्या, हातावर गोंदन. आईला राग यायचा, लग्नाच्या मांडवात काय इचारता म्हणे. ठाण्यातल्या एका साहेबानं तर सरळ सांगितलं होतं की पाटील, फाईल बंद झाली, तुम्ही आता सोडा. मला त्या साहेबाचा आजही राग आहे. बुडून मेली एवढं लिहिलं आणि झालं? कशी बुडली, कोठून आली, कोणाची होती, हे कोणाला नकोच होतं, फक्त एका मानधनावरच्या माणसाला पाहिजे होतं.

म्हणून ते म्हणाले तिचं नाव सापडलं. मी पुढं काही बोललो नाही, उठून मोटारीकडं गेलो.

त्यानंतर रोजचंच झालं. रात्री मी वाचायचं, संध्याकाळी बाबांना सांगायचं. हळूहळू बाजूचे दोन काकाजीही येऊन बसायला लागले. चौथं पुस्तक, लाफिंग पोलिसमन, सगळ्यात गाजलेलं, १९७१ मधे त्याला अमेरिकेतला एडगर पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर १९६७, स्टॉकहोम, पाऊस, सगळे पोलीस अमेरिकन वकिलातीसमोरच्या व्हिएतनाम युद्धाच्या मोर्चावर, आणि इकडं एका सिटी बसमधे कोणीतरी मशीनगननं सगळ्या प्रवाशांना उडवते. मेलेल्यांत स्टेनस्ट्रोम नावाचा बेकच्याच टीममधला तरुण पोलीस. तो त्या बसमधे काय करत होता हे कोणाला माहीत नाही. पहिले तिथं पोचतात क्रिस्टियानसन आणि क्वांट, गस्तीवरचे दोन आळशी शिपाई, आणि ते बसमधे चढून इकडून तिकडं फिरतात, सगळे ठसे तुडवतात. इथं बाबा इतके तापले की काय सांगू. "कोनं ठेवलं बे याईले नौकरीवर? जागा राखता येत नाई आन् पोलीस म्हनते!" मग जेव्हा गुनवाल्ड लार्सन नावाचा धिप्पाड, तोंडाचा फटकळ अधिकारी त्या दोघांना झापते तेव्हा बाबा खुश. आधीच्या पुस्तकात लार्सन त्यांना बिलकुल आवडला नव्हता, मगरूर आहे म्हणायचे, त्या दिवसापासून त्यांचा आवडता झाला. सिरीज लांब असली की हे होते, माणसाबद्दल आपलं मत बदलायला लेखक वेळ देते. एका पुस्तकात नाही होत ते.

आणि त्या पुस्तकात पुढं कळते की स्टेनस्ट्रोम स्वतःच्या मनानं, कोणाला न सांगता, सोळा वर्षं जुन्या एका बाईच्या खुनाच्या मागं लागला होता, जी केस सुटली नव्हती. हे सांगताना माझाच आवाज अडकला. बाबा खाली पाहून सुपारी कातरत होते. काकाजी म्हणाले, मंग?

बाबांचा दुसरा आवडता बेकच्या टीममधला मेलांडर. याला वाचलेलं ऐकलेलं सगळं लक्षात राहते, दहा वर्षांपूर्वीचा चोर, त्याच्या साळ्याचं नाव, सगळं. बाबा म्हणे आमच्या बीटचे जुने जमादार असेच होते, त्याईले कागद लागतच नव्हता, गावातलं कोनाचं भांडन कोनत्या धुऱ्यावरून सुरू झालं ते तीन पिढ्या मांगं सांगायचे. अशी माणसं ठाण्यात असणं म्हणजे काय असते हे या लेखकांना बरोबर समजलं होतं. दहाही पुस्तकात एकटा बेक काही सोडवत नाही. कोणी एक कागद शोधते, कोणी एक नाव आठवते, रोन नावाचा बिचारा पोलीस नाक पुसत दवाखान्यात मरत्या माणसाच्या उशाशी टेप घेऊन बसते, आणि सगळं मिळून मग काहीतरी जुळते.

सगळी पुस्तकं सारखी नाहीत. सहावं मला थोडं कमी वाटलं, उद्योगपतीला हॉटेलात जेवताना गोळी मारतात ते. शेवटच्या तीनचारमधे लेखकांचा सरकारवरचा राग फार वर येते, ते दोघं पक्के डावे होते, आणि कधीकधी गोष्ट थांबवून भाषणच सुरू होते. तरी पण राग खरा आहे, कोणाच्या बाजूनं आहे ते दिसते. आठव्यात एक म्हातारा आतून कडी लावलेल्या खोलीत गोळी लागून मेलेला सापडते, आणि पहिले आलेले पोलीस आत्महत्या म्हणून मोकळे झाले, खोलीत बंदूकच नाही हे कोणी बघितलंच नाही. लोक याला बंद खोलीचं रहस्य म्हणून वाचतात. बाबांनी तसं नाही ऐकलं. त्यांनी एवढंच विचारलं की म्हाताऱ्याचं कोनी नव्हतं का मांगं. नव्हतं कोणी. "हं," म्हणे, "मंग कोन पाह्यते."

नववं पुस्तक मागच्या सोमवारी संपलं. त्याच्या शेवटी कोलबर्ग नोकरी सोडते. कोलबर्ग म्हणजे बेकचा सगळ्यात जवळचा माणूस, जाडा, खाण्याचा शौकीन, फार वर्षांपूर्वी ड्यूटीवर त्याच्या हातून चुकून एक माणूस मेला तेव्हापासून पिस्तूल बाळगत नाही. नऊ पुस्तकं तो आतून कुरकुरत राहते की हे खातं बिघडत चाललंय, आणि शेवटी बसून राजीनामा लिहिते. मी वाचून दाखवलं, आपल्या भाषेत करून. काकाजींना पटलं नाही, भरल्या घरात कोनी नौकरी सोडते काय, पेन्शन राह्यली असती. बाबा काहीच बोलले नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मला वाटलं कंटाळले.

काल मी फवारणीचा पंप धुत होतो तर मागून येऊन उभे राहिले.

"त्या कोलबर्गचा राजीनामा मंजूर झाला का?"

म्हणलं दहाव्यात कळते बाबा.

"मंग संध्याकाळी लवकर ये," म्हणे, आणि गोठ्याकडं गेले.