‘कागदपत्रे’ या शब्दाचे २७ बाइट

आजोबांच्या ट्रंकेतले कागद आईने दोन वर्षं बसून स्कॅन केले. फेरफार, सातबारा, वाटणीपत्रं, काही मोडीतली. ते पुढे कधी बिघडले तर कळावं म्हणून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. ज्या फोल्डरमध्ये चालवाल तिथल्या प्रत्येक फाइलचा हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारा, तिचा ठसा म्हणावा असा आकडा) काढायचा, यादी करायची आणि यादीच्या पहिल्या ओळीत त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहायचा, एवढंच त्याचं काम. माझ्या मशिनवर तो कधी अडला नाही. आईच्या उबुंटू लॅपटॉपवर मात्र एका यादीच्या डोक्यावर पत्त्याऐवजी कंसात ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, छापून आलं. बाकी सगळ्या फोल्डरांच्या याद्या ठीक, नेमकी धाकट्या काकांच्या वाटणीचीच अशी. कुठल्या फोल्डरची यादी आहे हेच जिच्यावर लिहिलेलं नाही, ती यादी काय कामाची?

शोधायला बसलो तर आधी भलतीकडेच वाहवलो. फक्त पत्ता छापणारा चार ओळींचा वेगळा प्रोग्रॅम लिहिला, तर तो ‘नल’ न छापता सरळ कोसळला. चूक एकच आणि वागणं दोन तऱ्हांचं, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. कारण असं निघालं : प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनमध्ये नुसती एक स्ट्रिंग आणि पुढे नवी ओळ एवढंच असेल, तर जीसीसी कंपायलर त्याच्या जागी पुट्स हे साधं छापणारं फंक्शन बसवतो. ग्नूच्या सी लायब्ररीतला प्रिंटएफ नल पॉइंटर सांभाळून घेतो, पुट्स घेत नाही. माझ्या मूळ प्रोग्रॅममध्ये पत्त्याच्या आधी ‘फोल्डर :’ असा शब्द होता, म्हणून तो वाचला होता.

म्हणजे चालू फोल्डरचा पत्ता सांगणारं गेटसीडब्ल्यूडी हे फंक्शन नल परत देत होतं आणि मी ते कधी तपासलंच नव्हतं. तपासणी घातली, पीएररने कारण छापलं, तर उत्तर आलं : ‘न्यूमरिकल रिझल्ट आउट ऑफ रेंज’. इथे गणित कुठून आलं ते आधी कळेना. हा ईरेंज नावाचा एरर. गणिती फंक्शनांसाठीचा त्याचा मजकूर इथेही तसाच छापला जातो. इथे त्याचा अर्थ एवढाच, की दिलेला बफर, म्हणजे उत्तरासाठी राखलेली मेमरीतली जागा, पत्त्याला पुरत नाही.

माझा बफर होता २५६ बाइटांचा. एवढा मोठा पत्ता असतो कुठे, असं मी धरून चाललो होतो. मग आईचा पत्ता मोजला. ‘आजोबांची जमिनीची जुनी कागदपत्रे’, त्यात ‘फेरफार आणि सातबारा उतारे’, त्यात ‘धाकट्या काकांच्या वाटणीचे कागद’. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘कागदपत्रे’ डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसतं. आत आहेत ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. तीन फोल्डरांची नावं ८७, ६६ आणि ८४ बाइटांची, तीन तिरप्या रेघा, आणि सुरुवातीचा होम ते डॉक्युमेंट्स हा भाग १९. एकूण २५९, शेवटचा शून्य बाइट धरून २६०. बफर चार बाइटांनी तोकडा पडला होता.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, मग नावं छोटी करू का? पण मला नंतर सापडायची नाहीत.”

“नको आई, नावं आहेत तशीच राहू देत. मी प्रोग्रॅम सुधारतो.” आपल्या भाषेत नीट नाव दिलं म्हणून कुणाचा कागद हरवावा, हे मला पटणारं नव्हतं.

बहुतेकांचा पहिला सल्ला असतो, बफर पाथ-मॅक्स या ठरवून दिलेल्या कमाल लांबीएवढा घ्या. लिनक्सवर हा आकडा ४०९६ आहे. पण ती पत्त्याच्या लांबीची खरी हद्द नाही. एक फोल्डर करा, आत शिरा, आत पुन्हा करा. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अडवत नाही, कारण प्रत्येक वेळी आपण त्याला एकच छोटं नाव सांगत असतो. मी टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ‘कागदपत्रे’मध्ये ‘कागदपत्रे’ अशी फोल्डरं करत गेलो, तेव्हा १४७व्या पायरीवर ४०९६ चा बफरही अपुरा पडला. शिवाय पाथ-मॅक्स ठरवलाच पाहिजे असं पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमांचं प्रमाण म्हणत नाही. ग्नू हर्ड या सिस्टिमवर तो नाहीच.

जुन्या पुस्तकांत याच कामाचं गेटडब्ल्यूडी सापडतं. त्याला बफर किती मोठा हे सांगायची सोयच नाही, पॉझिक्सने २००८ मध्ये ते काढून टाकलं आणि लिंकरही ‘धोकादायक’ असा इशारा देतो. त्याच्या वाटेला जाऊच नका.

शेवटी असं केलं. मॅलॉकने मेमरीतले २५६ बाइट घ्यायचे आणि पत्ता विचारायचा. नल आलं आणि एर्नो (शेवटच्या एररची नोंद) ईरेंज असेल तरच आकार दुप्पट करून पुन्हा विचारायचं. बफर वाढवणाऱ्या रीॲलॉकचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यायचं, नाहीतर मेमरी न मिळाल्यास जुना बफरही हातचा जातो. एरर दुसरा कुठलाही असला तर तिथेच थांबायचं. हे ‘तरच’ फार महत्त्वाचं आहे. मी आधी कुठल्याही चुकीवर दुप्पट करत होतो. मग एका टर्मिनलमध्ये फोल्डरात उभा राहिलो, दुसऱ्यातून तो फोल्डर उडवला आणि प्रोग्रॅम चालवला. कर्नल एनोएंट, म्हणजे ‘असं काही नाही’, सांगत राहिला, कारण तो फोल्डरच उरला नव्हता, आणि माझा प्रोग्रॅम मेमरी मागत सुटला. ग्नूच्या लायब्ररीत बफरऐवजी नल आणि आकार शून्य दिला तर ती स्वतःच हवी तेवढी जागा घेऊन देते, ती मोकळी (फ्री) तेवढी आपण करायची. फक्त लिनक्सपुरतं लिहायचं असेल तर ते पुरेसं आहे. पॉझिक्स मात्र याची हमी देत नाही.

एक तपासणी मी मुद्दाम ठेवली आहे : आलेल्या पत्त्याचं पहिलं चिन्ह तिरपी रेघ आहे ना? लिनक्स २.६.३६ पासून, आपला फोल्डर रूटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरच्या, आवाक्याबाहेर असेल तर कर्नल पत्त्याच्या आधी कंसात ‘अनरीचेबल’ जोडतो. ग्नू लायब्ररीच्या रिअलपाथ या खरा पूर्ण पत्ता काढणाऱ्या फंक्शनने पत्ता रेघेनेच सुरू होणार असं गृहीत धरलं होतं, आणि त्यातून २०१८ मध्ये सुरक्षेचं भगदाड उघडं पडलं. त्या लायब्ररीच्या २.२७ आवृत्तीपासून गेटसीडब्ल्यूडी अशा वेळी एररच देतं. तरी एका ओळीची तपासणी मला जड नाही.

चालू फोल्डरचा पत्ता ठेवणारा पीडब्ल्यूडी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणं सगळ्यात सोपं, पण त्यात प्रोग्रॅम सुरू करणारा हवं ते भरू शकतो. त्यावर मी विसंबलो नाही.

हे सगळं करताना लक्षात आलं की फाइली उघडायला मला पत्ता लागतच नाही. आता प्रोग्रॅम सुरू होताच ‘.’, म्हणजे चालू फोल्डर, उघडून त्याचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फोल्डरचा क्रमांक) धरून ठेवतो आणि सगळ्या फाइली ओपनॲटने त्याच्याच आधाराने उघडतो. पत्ता फक्त छापण्यापुरता. गेल्या महिन्यात हॅश चालू असतानाच आईने त्या फोल्डरचं नाव बदललं, ‘धाकट्या’ऐवजी काकांचं नाव घातलं. सगळ्या फाइलींचे हॅश बिनचूक निघाले, वरची ओळ तेवढी जुन्या नावाची राहिली. त्या ओळीत आता पत्त्याशेजारी तो कधी विचारला ती वेळही लिहितो.