लेकीची ब्रॉन्कोस्कोपी आणि त्यातून मला समजलेलं फुफ्फुस

माझ्या लेकीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साचणारा आणि पचनही बिघडवणारा जन्मजात आजार. छाती मोकळी करण्याचे व्यायाम, नेब्युलायझर, जेवणाबरोबर एन्झाइमच्या गोळ्या हे सगळं आमच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे खोकला फारसा नसताना डॉक्टरांनी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनलिकेची तपासणी, सुचवली तेव्हा मी अडून बसले. हसत्याखेळत्या पोरीला भूल कशासाठी द्यायची?

त्यांचं म्हणणं असं : लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळून टाकतात, म्हणून खाली काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. आणि या आजारात फुफ्फुसातला दाह लक्षणांची वाट बघत नाही, काही मुलांत तो तान्हेपणीच सापडतो.

तपासणी तशी लवकर आटोपली. भूल दिल्यावर बारीक दुर्बीण श्वासनलिकेत घालतात, थोडं सलाइन सोडतात आणि तेच परत ओढून तपासायला घेतात. अवघड गेलं ते त्याआधीचं उपाशी ठेवणं. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे आधीच विचारून घ्या, लेकराचे हाल कमी होतात. रात्री तिला ताप आला. असा ताप येऊ शकतो हे आधी सांगितलेलं असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही.

रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर होत्या. वाचून आधी मला बरंच वाटलं. लढतायत ना! पण डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, आणि ते मी अजून विसरलेले नाही. या पेशी जंतू मारायला हायपोक्लोरस आम्ल तयार करतात, ब्लीचमध्ये असतं तेच. त्याची झळ फुफ्फुसाच्या अस्तरालाही बसते. निरोगी फुफ्फुसात ग्लुटाथिओन, म्हणजे शरीरात तयार होणारं एक अँटिऑक्सिडंट, ती झळ शोषून घेतं. पण हा आजार ज्याच्या बिघाडामुळे होतो त्या, १९८९ साली सापडलेल्या सीएफटीआर जनुकापासून बनणारं प्रथिन क्लोराइडबरोबर ग्लुटाथिओनच्या ये-जा करण्यालाही लागतं. तेच बिघडल्यामुळे अस्तरावरच्या द्रवात ग्लुटाथिओन कमी पडतं. शिवाय याच पेशींतून इलास्टेज नावाचं एन्झाइम सुटतं, ते श्वासनलिकेची भिंत कुरतडतं. त्याला आवरणारं अँटिट्रिप्सिन शरीरात असतं, पण त्याच आम्लाने होणाऱ्या ऑक्सिडेशनमुळे तेही निकामी होतं. म्हणजे झळ बसते आणि राखणदारही जातो. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला.

मग ग्लुटाथिओनच का देत नाही? मी लगेच विचारलं. वाफेतून देऊन पाहिलंय, पण फुफ्फुसाच्या क्षमतेत म्हणावा तसा फरक पडला नाही, असं उत्तर मिळालं. दुकानातल्या अँटिऑक्सिडंटच्या बाटल्यांचा विषय माझ्यापुरता तिथेच मिटला. ई जीवनसत्त्व हेही अँटिऑक्सिडंटच, पण त्याचं मात्र वेगळं आहे. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नसला की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, आणि त्यांच्यात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत. म्हणून आमच्याकडे ती स्निग्ध जेवणाबरोबर आणि एन्झाइमसोबतच दिली जातात. रक्तातली पातळीही तपासतात, कारण अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो.

पूर्वी ती कुरकुरली की सकाळचा छातीचा व्यायाम मी कधी कधी अर्ध्यावर थांबवू द्यायचे. आता नाही थांबवू देत. कफ साचला की जंतू, जंतू आले की न्यूट्रोफिल, हे आता मला दिसतं. तिलाही मी ते तिच्या भाषेत सांगितलंय. फुंकर मारायच्या खेळात ती हल्ली मला हरवते.