गुडघ्याच्या वरची माणसं

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला रंगेहाथ पकडलं. टेबलावर डझनभर माणसं उताणी पडली होती आणि मी वायर कापायच्या बारीक कटरनं एकेकाचे पाय गुडघ्यापासून उडवत होतो.

"हे काय चालवलंयस?"

"प्रवासी आहेत. डब्यात बसत नाहीत."

"मग पाय कापायचे?" आईनं डोंबिवली ते व्हीटी सत्तावीस वर्षं केलेलं आहे. "आमच्या लोकलमध्येसुद्धा हे कुणाला सुचलं नाही."

प्रकरण असं आहे. मला छोट्या आगगाड्यांचा नाद आहे. माझ्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या १/८७. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. ८५ फुटी डबा या मापात शाळेच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीएवढा होतो आणि साडेपाच फुटी माणूस उभा राहिला तरी दोन सेंटिमीटर भरत नाही. त्रास होतो तो वजनानं. हलका डबा वळणावर आडवा होतो, म्हणून इथल्या हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेनं (ही १९३५ सालची, म्हणजे वेड जुनं आहे) हिशेब घालून दिलाय: डब्याला आधी एक औंस आणि मग लांबीच्या दर इंचाला अर्धा. माझ्या डब्याचे होतात सातएक औंस, दोनशे ग्रॅमला थोडे कमी. त्यासाठी तळाशी लोखंडी पट्टी घालतात, पट्टीवर आसनांचा प्लॅस्टिकचा साचा बसवतात, आणि फरशी हवी त्यापेक्षा उंच होते. तिच्यावर धडधाकट पायांचा माणूस बसवला की त्याचं डोकं खिडकीच्या वर जातं. बाहेरून बघणाऱ्याला डबाभर नुसते टाय दिसतात.

गाडी कॅलिफोर्निया झेफिर. २० मार्च १९४९ ते २२ मार्च १९७० ही गाडी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रुळांवरून शिकागो ते ओकलंड धावली. वेळापत्रक असं बेतलेलं की रॉकी पर्वत आणि फेदर नदीची घळ दिवसाउजेडी यावी. त्याच नावाची ॲमट्रॅकची, म्हणजे इथल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची, गाडी आजही दुपारी आमच्या गावात थांबते, पण तिला घुमट नाहीत. जुनीला पाच होते. घुमट म्हणजे डब्याच्या टपावर काढलेली काचेची माडी: आत छोटा जिना, वर २४ आसनं. १९४४ साली ग्लेनवुडच्या घळीतून इंजिनात बसून जाताना जनरल मोटर्सच्या सायरस ऑस्बॉर्न यांना वाटलं की हे असं दृश्य एकट्या ड्रायव्हरनंच का बघायचं? पुढच्या वर्षी बर्लिंग्टन रेल्वेनं आपला एक डबा कापून त्यावर पहिला घुमट चढवला. त्या प्रकाराचं नाव व्हिस्टा-डोम.

"म्हणजे आमचा विस्टाडोम!" आई म्हणाली. मडगावच्या जनशताब्दीला २०१७ मध्ये तो डबा लागला, तेव्हापासून ती दोनदा जाऊन आलीय. मी सांगितलं की त्यात माडी नाही, नुसत्या छताला काचा आहेत. यावर तिनं शांतपणे विचारलं, "आमच्या खुर्च्या गरकन फिरतात. तुमच्या फिरतात का?"

फिरत नाहीत. आमच्या सगळ्या खुर्च्या मिळून एकच साचा, तोही चॉकलेटी. बाकीच्या डब्यांत ते खपून जातं, कारण खिडकीतून फारसं दिसत नाही. घुमटात वरूनच दिसतं. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या त्या डब्यात एकही माणूस नव्हता. चकचकीत काचेखाली चोवीस रिकाम्या चॉकलेटी खुर्च्या, गाडी आपली रोज रात्री जेवणानंतर तळघरात गोल फिरतेय. मला ते एकदा दिसलं आणि मग तेवढंच दिसायला लागलं.

तर डबा उघडायचा. यात प्रत्येक डब्याची खोड वेगळी. काहींचं टप नुसतं खटक्यावर असतं. काहींचे स्क्रू बोगीच्या वर लपलेले असतात, आधी ती काढावी लागते. आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, आणि अमेरिकेत तिला ट्रक म्हणतात. मी बायकोला ओरडून सांगितलं, "दोन्ही ट्रक काढले गं!" तेव्हा आईनं खिडकीचा पडदा सारून रस्त्यावर पाहिलं होतं.

माझ्या डब्याला बोगीचे स्क्रू काढूनही काही झालं नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती किंचित फाकवायच्या आणि त्या फटीत काहीतरी सरकवून ठेवायचं, ही रीत. मी एक बाद झालेलं क्रेडिट कार्ड कापून त्याच्या आठ चकत्या केल्या, बाजूला चार-चार अशा सरकवल्या, टप धरून वर ओढायला लागलो. प्लॅस्टिक कुरकुरलं. असा आवाज झाला की हातातलं सगळं सोडून पाणी प्यायला उठावं. मी उठलो. परत आलो तेव्हा डबा आईच्या हातात होता.

"वरून ओढतोस काय? डाळिंब्या सोलल्या नाहीस का कधी? खालून ढकल." भिजवून मोड आणलेला वाल दोन बोटांत धरून दाबला की सालातून दाणा टुणकन बाहेर येतो, तसा तिनं दोन्ही अंगठ्यांनी तळ दाबला आणि आसनं, लोखंडी पट्टी, जिना हे सगळं एका तुकड्यात तिच्या पदरात पडलं. भिंती आणि घुमट माझ्यासाठी राहिले.

त्यानंतर ती या कामातून बाहेर पडलीच नाही.

रंगवण्याबद्दल एक सांगतो, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. खुर्च्यांचा रंग हवा त्यापेक्षा दोन छटा उजळ घ्यायचा. काचेआड तो आपोआप उतरतो. आणि प्रत्येक पाठीच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एकच फटकारा द्यायचा, डोक्यामागच्या रुमालाचा. गालिचा, राखदाण्या, हातावर उघडलेलं वर्तमानपत्र यांवर मी जी संध्याकाळ घालवली ती कुणालाही दिसत नाही. त्या चोवीस फटकाऱ्यांनी मात्र प्लॅस्टिकच्या साच्याचा एकदम आगगाडीचा डबा झाला.

माणसं चिकटवायला मी घाईनं झटपट चिकटणारा गोंद वापरला, ती चूक. माणसं बसवली, घुमट बंद केला, झोपलो. सकाळी पाहतो तर काच आतून पांढरी धोट. त्या गोंदाची वाफ बंद जागेत अडकली की पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा थर धरतो, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

आई चहाचा कप घेऊन वाकली. "असू दे की. घाटात धुकं असतंच."

पुन्हा डाळिंब्या. काच घासून साफ केली, मग फरशीला लावायच्या ॲक्रिलिक पॉलिशमध्ये बुडवून वाळवली. ही मात्र जुनी आणि खरोखर लागू पडणारी युक्ती आहे. माणसांना या वेळी साधा पांढरा गोंद.

घुमटानंतर शेजारचा शयनयानाचा डबा उघडला, १० छोट्या आणि ६ मोठ्या खोल्यांचा. तिथल्या बोळात पोर्टर, म्हणजे प्रवाशांची सरबराई करणारा नोकर, हवा. रंग न दिलेली माणसं स्वस्त मिळतात म्हणून मी ती घेतो, त्यामुळे कोण कोणत्या रंगाचा हे ठरवणं माझ्याकडे येतं. पुलमन कंपनीच्या शयनयानातले पोर्टर बहुतेक कृष्णवर्णीय असत. प्रवासी त्यांना सर्रास 'जॉर्ज' अशी हाक मारत, मालक जॉर्ज पुलमन म्हणून नोकरही सगळे जॉर्ज. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची संघटना बांधली आणि कंपनी करारावर सही करायला १९३७ साली तयार झाली. आईला हे सांगत होतो. ती म्हणाली, "आपल्याकडे हॉटेलात सगळे छोटू असतात तसं." मग बराच वेळ आम्ही दोघं काही न बोलता रंगवत होतो. तो पोर्टर उभा आहे. टाचा थोड्या घासाव्या लागल्या, बाकी पाय शाबूत.

"आणि मी कुठे बसू?" आईनं विचारलं.

मी म्हणालो की गाडी १९४९ ची आहे, तेव्हा साडीतली बाई त्यात कुठून येणार. १९४६ च्या कायद्यानं इथे स्थायिक व्हायला आपल्याकडच्या १०० माणसांना परवानगी होती, वर्षाला, अख्ख्या देशातून.

"मी काय स्थायिक व्हायला आलेय? सहा महिन्यांनी जाणारच आहे."

याला उत्तर नव्हतं. लांब झग्यातली एक बसलेली बाई निवडली. एम-सीलसारखी पुट्टी असते तिचा पदर केला, टाचणीच्या टोकानं मोरपंखी रंग आणि सोनेरी काठ. काठ रंगवताना श्वास रोखून धरावा लागतो. घुमटातली पहिली रांग, खिडकी. लोकलमध्ये तिला सत्तावीस वर्षांत खिडकी किती वेळा मिळाली हे ती अजून मोजून सांगते. पाय कापण्याची वेळ आली तेव्हा मी कटर हातात घेऊन घुटमळलो, तर तिनं तो माझ्याकडून घेतला. "दे इकडे. नाहीतरी दुखतातच," असं म्हणून तिनं स्वतःच दोन्ही गुडघे कट् कट् उडवले.

नोव्हेंबरात ती गेली. गाडी रोज रात्री फिरते. घुमटात दिवे बसवायचे राहिलेत, पण तळघरातला मोठा दिवा बंद करून टेबलावरचा लावला की पहिल्या रांगेतला मोरपंखी ठिपका दिसतो. फक्त बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर डब्यातून खुळखुळ ऐकू येते. माणसं सगळी जागच्या जागी आहेत, भिंग लावून मोजली. म्हणजे टेबलावरचा केर भरताना कुणाचा तरी कापलेला पाय आत राहिलाय.

रविवारी फोनवर आईला सांगितलं की आता पुन्हा उघडावा लागणार.

"माझा आहे का बघ," ती म्हणाली. "माझा असला तर राहू दे तिथेच."