कार्ट्रिज भरून घ्यावं की नवं? माझ्या दुकानातला अनुभव

आमच्या तालुक्यात कोण्या पोरानं नवीन सेवा केंद्र टाकलं की त्याचा पहिला फोन येतो "भाऊ, प्रिंटर कोणता घेऊ", अन् महिन्याभरानं दुसरा येतो, "भाऊ, कार्ट्रिज (प्रिंटरमधली शाईची डबी) भरून आणू का नवं घेऊ". फोनवर अर्धंच सांगून होतं, तेवढ्यात दुकानात कोणी येतं, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो.

माझं दुकान दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. सातबारा, आठ-अ, पोरांचे स्कॉलरशिपचे फार्म, आधारची झेरॉक्स, पीकविमा, हेच काम. सुरुवातीला छोटा ऑल-इन-वन इंकजेट घेतला होता कारण स्वस्त होता अन् पासपोर्ट फोटोही त्याच्यावरच निघत होते. त्याचं काळं कार्ट्रिज मुठीत मावेल एवढं, आत शाई म्हणाल तर काही मिलीलिटर, नवं आठ-नऊशेला अन् त्यात पानं निघणार शे-दोनशे. म्हणजे नुसत्या शाईचेच पानामागं कमीत कमी चार रुपये. आता आमच्याकडं पानाचे दोन रुपये सांगितले तरी माणूस म्हणतो "बाप्पा, लय महाग करून ठेवलं", मग मी खाऊ काय?

म्हणून यवतमाळला रिफिल करणं सुरू झालं. रिफिलवाला वरचा कागद सोलतो, खाली बारीक छिद्र असतं, त्यातून सिरिंजनं हळूहळू शाई सोडतो, आतला स्पंज फुगला की थांबतो. मग कोमट पाण्यात ओला केलेल्या टिशूवर कार्ट्रिजचं तोंड टेकवायचं, काळी पट्टी सरळ अन् पूर्ण उमटली तर हेड, म्हणजे छापणारा भाग, चालू आहे, मधातच तुटली तर तेवढे नोझल, म्हणजे शाईची बारीक भोकं, गेले समजा. पहिल्यांदा भरलेलं मस्त चालतं, दुसऱ्यांदाही चालतं, पुढं पुढं अक्षरात पांढऱ्या रेघा यायला लागतात. त्यात दरवेळी रिफिलवाल्याची चूक असते असं नाही. एचपी, कॅननच्या अशा छोट्या कार्ट्रिजमध्ये प्रिंट हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, त्यात बारीक बारीक हीटर असतात, ते शाईला क्षणभर उकळवतात अन् बुडबुड्याच्या धक्क्यानं थेंब कागदावर पडतो. त्या हीटरला थंड ठेवायचं काम पण शाईच करते, म्हणून कोरडं होईपर्यंत ओढलं की हीटर जळतात, अन् जळालेलं हेड कितीही भरा, भरल्यासारखं दिसेल पण छापणार नाही. त्यामुळं अशा कार्ट्रिजला भरायचं असेल तर प्रिंट फिकट व्हायच्या आधीच भरायचं. आणि आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे, लग्नासाठी चार दिवस शटर बंद ठेवलं की नोझलवरची शाई वाळलीच म्हणून समजा.

पण मला खरा झटका बसला तो पावसाळ्यात. जुलै 2024, लाडकी बहीणचे फार्म नुकतेच सुरू झालेले, त्यातच एक रुपयावाल्या पीकविम्याची गर्दी, दुकानासमोर बाया अन् शेतकरी दोन्ही रांगा. एक काका सातबारा घेऊन गेले, बनियनच्या खिशात घडी घालून, वाटेत पाऊस लागला, अन् तासाभरानं परत आले. कागद माझ्यासमोर उलगडला तर गट नंबरच्या जागी जांभळट डाग. "काहून बाबू, माह्या वावराचे आकडे कुठी गेले?" मी काय सांगणार, नवीन काढून दिला अन् पैसे घेतले नाही. झालं असं की कंपनीच्या त्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट शाई होती, ती वाळली की पाण्यानं सहसा हलत नाही, आणि रिफिलमध्ये भरली होती साधी डाय शाई, ती पाण्यात विरघळते. दिसायला दोन्ही काळ्याच. तेव्हापासून मी रिफिलवाल्याला भाव नंतर विचारतो, आधी विचारतो पिगमेंट आहे का डाय, ज्याला हा प्रश्नच कळत नाही त्याच्याकडून मी भरतच नाही.

मग सेकंडहँड लेझर घेतला, म्हणजे शाईऐवजी पावडरवर छापणारा, 12ए कार्ट्रिजवाला. ग्रामीण भागात हे मशीन घरोघरी, म्हणजे दुकानोदुकानी सापडतं, एचपी 1020 असो, एम1005 असो, तिकडं कॅनन एलबीपी 2900 चं 303 कार्ट्रिज त्याचंच भावंड. कंपनी सांगते 2000 पानं, पण ती पानाचा पाच टक्केच भाग काळा धरून, आधारची काळपट झेरॉक्स असल्या हिशोबात बसत नाही, माझी पानं नेहमी कमीच भरतात. इथं पर्याय तीन : कंपनीचं नवं, काही हजारांचं, कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्याच कोणी बनवलेलं, सहा-सातशेला, आणि आपलंच जुनं भरून घेणं, तीन-साडेतीनशेला. आणि मी बिनधास्त सांगतो, 12ए असेल तर भरून घ्या. त्याला कार्ट्रिज ओळखणारी चिपच नाही, उघडायला सोपं, आणि पावडर म्हणजे बारीक प्लॅस्टिकच, ते फ्युजरच्या, म्हणजे मशीनमधल्या तापणाऱ्या भागाच्या, उष्णतेनं कागदावर वितळून बसतं म्हणून पावसानं आकडे पळत नाहीत.

फक्त पावडर भरली म्हणजे काम झालं असं नाही. आत ड्रम असतो, म्हणजे ज्याच्यावर पावडर चिकटून अक्षर उमटतं ती गोल नळी, त्याला पुसणारं वायपर ब्लेड असतं, ड्रमला चार्ज देणारा चार्ज रोलर, ड्रमवर पावडर नेणारा मॅग रोलर, आणि उरलेली पावडर जमा व्हायला एक कप्पा. पुष्कळ रिफिलवाले वरून पावडर टाकून देतात आणि तो कप्पा रिकामाच करत नाहीत, मग तो भरला की पावडर बाहेर सांडते, पान मळकट निघतं. मी समोर उभा राहून कप्पा झटकून घेतो, तोंडाला रुमाल बांधून, कारण ती पावडर हवेत लय उडते, आणि अंगाला लागली तर थंड पाण्यानंच धुवायची, गरम पाण्यानं ती आणखी चिकटते. ड्रम काढून उन्हात ठेवणाऱ्याला तर तिथंच टोकायचं, उजेडानं ड्रम खराब होतो.

कोणता भाग गेला हे पान पाहूनच कळतं, रिफिलवाला जे सांगेल त्याच्यावर जाऊ नका. वरून खालपर्यंत बारीक काळी रेघ असेल तर ड्रमवर ओरखडा आहे किंवा ब्लेड गेलंय. एकच ठिपका ठराविक अंतरानं परत परत येत असेल तर पट्टी घ्या अन् दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा, साडेसात सेंटीमीटर भरलं तर तो ड्रमच, कारण 12ए च्या ड्रमचा एक फेरा साधारण तेवढाच असतो, ए फोर पानावर तोच ठिपका तीन-चारदा दिसतो. एकदा रिफिलवाला मला म्हणाला "भाऊ, मशीनच खराब हाय तुमची", मी पट्टी लावून दाखवली तर गुपचूप ड्रम बदलून दिला, पैसे मात्र घेतले. ड्रम अन् ब्लेड दोन्ही सोबत बदला, नव्या ड्रमला जुनं ब्लेड परत ओरखडतं.

नवीन मशीनांचा प्रकार वेगळा आहे, त्यांना चिप असते. एचपीच्या काही मॉडेलांत डायनॅमिक सिक्युरिटी म्हणून असते, कंपनी स्वतःच ते सांगते, त्यात दुसऱ्याची चिप असलेलं कार्ट्रिज अपडेट आल्यावर बंद पडू शकतं. पण कंपनीचीच चिप कायम ठेवून भरलेलं असेल तर ते चालतं, म्हणजे तिथं कंपॅटिबल घेण्यापेक्षा आपलं ओरिजिनल भरून घेणं बरं. हे भांडण नुसतं आपल्याकडचं नाही, अमेरिकेत तर लेक्समार्क कंपनी अन् एका रिफिलवाल्याचं प्रकरण त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं आणि 2017 मध्ये निकाल रिफिलवाल्याच्या बाजूनं लागला, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर पेटंटचा हक्क सांगून कंपनीला अडवता येत नाही.

कलरसाठी मी आता इंक टँक, म्हणजे शाईची टाकी असलेला प्रिंटर, ठेवलाय. त्यात रिफिल का नवं हा प्रश्नच उरत नाही, बाटली ओतायची, एवढंच. पण शाई मी कंपनीचीच घेतो, अन् इथं काटकसर करू नका असं ठासून सांगतो. एप्सनची 003 नंबरची काळी बाटली 65 मिलीची, कंपनीच्या हिशोबानं 4500 पानं, म्हणजे पानामागं दहा पैशांच्या आत खर्च. लोकल लिटरवाली शाई घेऊन वाचवणार किती, आणि यात हेड मशीनमध्येच पक्कं बसवलेलं असतं, ते चोकअप झालं तर मशीनच बसली. फक्त ही 003 शाई डाय आहे, म्हणून सातबारा मी तिच्यावर काढत नाही. कॅननच्या जी 2010 मध्ये काळी पिगमेंट येते, एकच मशीन ठेवायची असेल तर तशी पाहा.

राह्यलं रिकाम्या कार्ट्रिजचं. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमात प्रिंटर कार्ट्रिजसकट धरलेत, म्हणजे ते उकिरड्यावर टाकायचं नाही, पण गावात ते घ्यायला येतं कोण? येतो तो भंगारवाला, अन् तो ओरिजिनलच मागतो, सोबत खोकं असलं तर जास्त देतो. ते खोकं कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, यवतमाळात सीलबंद "ओरिजिनल" निम्म्या भावात मिळतं ते कुठून येत असेल? मी खोकं फाडतो, कार्ट्रिजच्या लेबलवर खिळ्यानं आडवी रेघ ओढतो, मग त्याला देतो. तो कुरकुरतो, "खराब करून टाकलं ना भाऊ", अन् भाव पाडून घेऊन जातो.