हद्द शब्द मूळचा कुणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. जमिनीचे दस्त लिहून देणं हे माझं काम. बेळगाव, खानापूर, हुक्केरीकडची माणसं येतात, कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड. मराठी माणूस कन्नड दस्तावरून बोट फिरवत थांबतो आणि म्हणतो, "हा 'हद्द' तर आपला शब्द! यांनी कधी उचलला?" कन्नड माणूस मराठी कागद बघून तेच विचारतो, "हद्दु नम्म शब्द अल्लेन्री?" म्हणजे आमचाच ना हो हा शब्द? दोघांनाही मी सांगतो की तो अरबी आहे. तेवढ्यावर समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. अरबी शब्द बेळगावच्या बांधावर आला कसा, हा खरा प्रश्न.

अरबीत 'हद्द' म्हणजे कड, धार, शेवट. तलवारीची धार तीही हद्द आणि मुलूख जिथं संपतो तीही हद्द. शब्दाच्या त्याच मुळापासून 'हदीद' म्हणजे लोखंड आणि 'हद्दाद' म्हणजे लोहार. जुन्या अरबीत दारावरच्या पहारेकऱ्यालाही हद्दाद म्हणत, कारण तो अडवतो. अडवणं हा त्या मुळाचा गाभा आहे. तर्कशास्त्रात एखाद्या गोष्टीची व्याख्या म्हणजे तिची हद्द, कारण व्याख्या नको ते बाहेर ठेवते. अनेकवचन 'हुदूद'. इस्लामी कायद्यात ठरावीक गुन्ह्यांना नेमून दिलेल्या शिक्षांना हेच नाव आहे. देवानं आखलेली रेघ, ती ओलांडली की शिक्षा, असा तो अर्थ. आपण वैतागून "आता मात्र हद्द झाली" म्हणतो, तेव्हा जमिनीचा संबंध नसूनही हा अडवण्याचा अर्थ शाबूत असतो. तुर्कीतही माणसाला "आपली हद्द ओळख" असंच सुनावतात.

दख्खनेत हा शब्द फारसीच्या हातून आला. 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, 1472 मध्ये बहमनी वजीर महमूद गावाननं बेळगावचा किल्ला घेतला, पुढं हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत गेला. दफ्तराची भाषा फारसी. पण 1534 साली गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहीम आदिलशहानं हिशेबाचं काम फारसीतून काढून इथल्या भाषेत आणलं, असं तवारीखकार फरिश्ता सांगतो. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. कारकून भाषा बदलतो, पण रोज हाताखालून जाणारे शब्द बदलत नाही. बाकी, वसूल, हक्क, वकील हे सगळे अरबी शब्द तसेच राहिले आणि शेजारच्या दोन्ही भाषांत उतरले. 'रयत'चं बघा. अरबीत मूळ अर्थ राखणीतला कळप, त्यावरून राजाची प्रजा. मराठीत ती प्रजाच राहिली, कन्नडमध्ये 'रैत' म्हणजे सरळ शेतकरी.

हद्दचंही असंच थोडं थोडं झालं. हिंदी-उर्दूत 'हद' बोलताना एक द गळतो. मराठीनं जोडाक्षर राखलं. कन्नडनंही राखलं आणि आपल्या सवयीप्रमाणं शेवटी उकार दिला, जसं हक्कचं 'हक्कु', तसं 'हद्दु'. गंमत अशी की कन्नडमध्ये घारीलाही हद्दु म्हणतात. त्या देशी शब्दाचा याच्याशी काही संबंध नाही. मात्र "हद्दु मीरिद" म्हटलं की पक्षी कुणाच्या मनात येत नाही, माणसानं मर्यादा सोडली एवढंच कळतं. 'सरहद्द'मधला 'सर' फारसी, म्हणजे डोकं, टोक. आपल्या 'शिर'चा तो सख्खा नातेवाईक. मराठीत सरहद्द म्हटलं की जवान आणि काटेरी तार डोळ्यांपुढं येते. कन्नड पोलिसांच्या कागदात साध्या ठाण्याच्या हद्दीलाही 'सरहद्दु' म्हणतात. माणसाला बाहेर काढायचं तर मराठीत 'हद्दपार', कन्नडमध्ये 'गडीपारु'. इथं 'पार' दोन्हीकडं तोच आहे.

आता तो शब्द ज्याच्यावर टिकला, त्या कामाबद्दल. जमिनीच्या कडा वादात पडल्या की आमच्याकडं तालुक्याला सर्वे विभागात 'हद्दुबस्तु'चा अर्ज करतात. हद्द अरबी, बस्त फारसी, म्हणजे बांधलेली. तिकडं पंजाबात प्रत्येक गावाला 'हदबस्त' नंबर असतो, तो हाच शब्द. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, सर्वेवाले टिप्पण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कागद, घेऊन येतात, आणि मग शोध सुरू होतो तो दगडाचा. बांधावर घाणेरी माजलेली असते. ती तोडायची, कुदळीनं चर घ्यायचा, हातभर खाली काळा दगड लागला की सगळे वाकून बघतात. वरचं टोक नांगरानं झिजलेलं, खालचा भाग अजून टाकीच्या घावांचा. त्याला मराठी माणूस हद्दीचा दगड म्हणतो, कन्नड माणूस बांदुकल्लु. जुन्या टिप्पणातलं माप साखळी आणि आण्यात असतं. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीची ही पद्धत. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, पण शेताशेतातलं माप दोन्हीकडं तेच चालू राहिलं. दगडापाशी उभे असलेले दोघं दोन भाषांत भांडतात. हद्द, टिप्पण, गुंठा, उतारा हे शब्द मात्र कुणाला कुणासाठी फोडून सांगावे लागत नाहीत.

म्हणूनच 'हा शब्द परका, काढून टाका' असं कुणी म्हटलं की मी मान डोलावत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यामागच्या स्वाभिमानाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या कोशानंतरही रयतेच्या तोंडी हद्द राहिलीच. मध्यंतरी मी एका खरेदीखताच्या मसुद्यात 'सीमांकित क्षेत्र' असं लिहिलं होतं, कारण वकिलांना तसंच हवं होतं. वाचून दाखवताना जमीन विकणाऱ्या आजींनी मला थांबवलं. "काय लिवूलास बाळ? आमची हद्द कुठनं कुठवर धरलास, तेवढं सांग." मी पूर्वेचा ओढा, पश्चिमेची पायवाट, दक्षिणेला दिरांचं शेत असं सांगत गेलो. त्या डोळे मिटून मान हलवत ऐकत होत्या. मग अंगठा दिला. मसुद्यात मी शब्द बदलला, वकिलांनीही हरकत घेतली नाही. ज्याचा अंगठा, त्याला कागद कळला पाहिजे. अरबी, फारसी, संस्कृत हा हिशेब त्यानंतरचा.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मग हद्दला आपला अस्सल शब्द कोणता? आहे की, शीव. संस्कृत सीमा झिजून शीव झाली, कन्नडनं तिची 'सीमे' केली. पण शीव गावाची असते. वऱ्हाड पूर्वी शिवेवर थांबायचं, तिथं नवरदेवाची पूजा व्हायची, तेच सीमांतपूजन आता कार्यालयाच्या दारात होतं. शिवेवर देव असतात, नारळ फुटतात. दोन वाफ्यांच्या मधल्या रेघेला कुणी शीव म्हणत नाही. 'गडी' हा कन्नड शब्द अस्सल द्राविडी, गडीनाडू म्हणजे सीमाभाग, पण आमच्या मराठीत गडी म्हणजे शेतात राबणारा माणूस, म्हणून तो इकडं रुजायला जागाच नव्हती. प्रत्येक शब्दाचं शेत वेगळं आहे. हद्दीनं कुणाची जागा बळकावली असं मला दिसत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, पेटीत, मोडीतले जुने कागद पडले असतील तर वाळवीला देऊ नका. मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्या. त्यांतल्या चतुःसीमेच्या, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दीच्या, ओळी आधी काढायला सांगा, आणि ओढ्याचं, वाटेचं, झाडाचं जे नाव निघेल ते आजच्या उताऱ्याशेजारी लिहून ठेवा. मोजणीच्या दिवशी त्याचा उपयोग होतो.