मुंबईत गरीब कमी होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मार्वेच्या धक्क्यावर मनोरीच्या फेरीबोटीची वाट बघताना, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, जुन्या वॉर्डातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर... शब्द वेगळे, प्रश्न एकच. "गोवंडी-मानखुर्दला गरीब कमी होते का, म्हणून केनियाला गेलीस?" आणि त्याच्या मागून हळूच, "तू तर नन पण नाहीस!"

ननचं आधी उरकते. मी प्रापंचिक मिशनरी. व्रतं नाहीत, झगा नाही. दोन-तीन वर्षांचा करार, राहायला खोली, हातखर्चापुरतं मानधन, आरोग्य विमा. लग्न झालेली जोडपीही जातात. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, मिशनकार्यावर जो आदेश काढला, त्यात हे काम प्रापंचिकांचंही आहे असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया तर त्याच्या कितीतरी आधीचा. जपानात आधी जेझुइट संघाच्या फादरांचा मदतनीस होता, मग व्यापारी झाला, मग फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर. व्रतं घेतली, पण फादर कधी झाला नाही. जपानी उत्तम बोलायचा म्हणून बाकीच्यांचा दुभाषा होता. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं. मला काही एवढं शौर्य करायचं नव्हतं. यलो फीवरची सुई घेतानाच मी डोळे मिटले होते.

आता गोवंडी. खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत.

पहिलं मी चारचौघांत देते. महापालिकेच्या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, चोवीस वर्षं काढली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा माझ्या जागेसाठी मुली रांगेत उभ्या होत्या. तुर्कानात ती जागा रिकामीच राहिली असती. वायव्य केनियाचा हा कोरडा मुलूख. बाया नदीच्या सुक्या पात्रात खड्डे खणून पाणी काढतात. तिथे नर्स मागितली म्हणून लगेच मिळत नाही. हे उत्तर खोटं नाही. लोक मान डोलावतात, फेरी येते, विषय संपतो.

दुसरं उत्तर असं की मला जायचंच होतं. ऑक्टोबरात मिशन संडे यायचा, आम्हा पोरांच्या हातात पुठ्ठ्याचे डबे दिले जायचे आणि गावठाणात दारोदार फिरून आम्ही चिल्लर गोळा करायचो. हे पैसे कुठे जातात असं विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "मिशनला." म्हणजे कुठे, ते कोणी सांगायचं नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. त्या डब्यामागून जाऊन बघायचं मनात होतं. मग नोकरी लागली, आईचं आजारपण निघालं. आई गेली, तिच्या वर्षाची मिस्सा झाली, आणि त्याच महिन्यात मी अर्ज भरला. यात त्यागबिग शोधू नका. माणसं सिंगापूर बघायला जातात तशी थोडी हौस त्यात होतीच.

तिथे पोचल्यावर पहिला धक्का माझ्या रूपाचा. इंडियन बाई म्हटल्यावर लोक विचारायचे, दुकान कुठे घातलंय? केनियात आपली ओळख मुख्यतः दुकानदार. मी म्हणायचे, मी ईस्ट इंडियन, मुंबईची. मग त्यांना मुंबई नकाशात दाखवायची, पश्चिमेला! (ईस्ट इंडियन म्हणजे आम्ही मुंबईच्या गावठाणांतले मूळचे ख्रिस्ती. हे नाव आमच्या माणसांनी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. त्यापायी किती खुलासे करावे लागतील ते त्यांना काय माहीत.) कितीजणांना बाटवलंस, असंही इथे काही जण विचारतात. एकालाही नाही. आमच्या मिस्सेला ढोल वाजवत नाचत येणारी ती माणसं रविवार चुकवत नव्हती, मी दोनदा चुकवला.

काम म्हणजे गाडीतून वस्त्यांवर जायचं आणि झाडाखाली दवाखाना मांडायचा. आजूबाजूला आपलीच वेडी बाभूळ माजलेली, तिकडेही ती बाहेरून आणून लावलेली आणि हाताबाहेर गेलेली. पोरांचा दंडघेर मोजायचा. पट्टी तीच, आपल्या अंगणवाडीताईंकडे असते ती. ११५ मिलिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. त्या मुलाला शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं, ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी.

एका पोराचा घेर तीन आठवडे हलेना. मी आईला खडसावलं, पाकिटं कुठे जातात? माझ्याबरोबरच्या स्थानिक आरोग्यसेविकेने माझं बोलणं तुर्काना भाषेत सांगितलंच नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "घरात चार लेकरं आहेत, सिस्टर. एकाला भरवायचं आणि तिघांनी बघत बसायचं?" पाकीट चौघांत वाटलं जात होतं. वाटणारच.

त्या रात्री मला आमचा वॉर्ड आठवत राहिला. डिस्चार्जचा कागद हातात देताना मीही म्हणायचे, "अंडं याच बाळाला द्यायचं हं, रोज." हजारदा म्हटलं असेन. साठ खाटांना आम्ही दोघी, पाळी संपायला आलेली, पुढचा पेशंट दारात. घरी अजून किती जण आहेत, असं एकाही आईला विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या फेरीला मी आधी मुलं मोजून घेतली. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. तो पेन्सिलीने आखला.