बोल्ट बसले, फळी अडली

दुरुस्तीला आलेल्या त्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणाऱ्या मशीनवर, गार्ड (पात्यावरचं झाकण) नव्हता आणि स्प्लिटरही (पात्यामागे उभी राहून चीर उघडी ठेवणारी पट्टी) नव्हता. पात्यामागे बोल्टची दोन भोकं तेवढी राहिली होती. मशीन जुन्या बांधणीची, 10 इंची पात्याची. मालकाने बदली स्प्लिटर आणि गार्ड आधीच आणून ठेवले होते. पाकिटावर "10 इंची टेबल सॉसाठी" एवढंच छापलेलं. बोल्ट भोकांत अगदी सहज बसले, म्हणून चाचणीची फळी लावली. वीतभर चीर पडली आणि फळी स्प्लिटरच्या कडेला ठेचकाळून जागच्या जागी थांबली.

अशा वेळी हात आपोआप दोनच गोष्टी करायला जातो: जोर लावून पुढे ढकलायचं, नाहीतर फळी मागे ओढायची. दोन्ही चूक. फळी फेन्सला (जिला टेकवून फळी सरकवतात ती सरळ पट्टी) आणि टेबलाला घट्ट दाबून धरली, स्विच बंद केला आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत हात हलवला नाही. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे 53 मीटर, म्हणजे ताशी 190 किलोमीटर होतो. मागचे दात वर उठत असतात. फळी त्यांच्यावर चढली की ती थेट उभ्या माणसाच्या अंगावर येते.

प्लग काढून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावला. स्प्लिटर 2.6 मि.मी. पात्याचे दात 2.4, बॉडी (दात सोडून उरलेली चकती) 1.8. आणखी मोजायची गरजच उरली नाही. स्प्लिटर चिरेपेक्षा जाड असेल तर फळी त्याच्यापुढे जाणार कशी?

स्प्लिटर पात्याच्या बॉडीपेक्षा जाड आणि चिरेपेक्षा पातळ लागतो. तो बॉडीहून पातळ असेल तर ताण असलेल्या फळीची चीर मिटताना आधी पात्यालाच चिमटते आणि स्प्लिटर नुसता शोभेला राहतो. पाकिटावरच्या 10 इंचाला इथे काही अर्थ नाही. त्याच व्यासाचं पातं 2.4 चं मिळतं आणि 3.2 चंही. माप घेताना व्हर्नियरचे जबडे दाताच्या कार्बाइडच्या (कठीण धातूच्या) टोकावर, समोरच्या रुंद कडेपाशी धरायचे आणि चार-पाच दात तरी मोजायचे. बॉडी मोजायची ती रंग नसलेल्या जागी. शेवटी टाकाऊ तुकड्यावर चीर पाडून तीही मोजायची. आर्बरची (पातं बसतं त्या दांड्याची) थोडी डगमग असते, त्यामुळे चीर दातांपेक्षा केसभर रुंदच येते. इथे 2.5 आली.

आता बदलायचं काय, स्प्लिटर की पातं? या भोकांच्या अंतराला जुळणारा 2.1 च्या आसपासचा स्प्लिटर मिळेना. मालक म्हणाला, "आहे तोच ग्राइंडरवर घासून द्या ना." नाही दिला. एवढी पातळ पट्टी ग्राइंडरवर तापली की पिळते, जाडी एकसारखी राहत नाही आणि वाकडा स्प्लिटर फळीला फेन्सपासून ढकलत राहतो. म्हणून पातं बदललं: दात 3.2, बॉडी 2.2. स्प्लिटर मधोमध बसला की बॉडीच्या दोन्ही बाजूंना 0.2 बाहेर आणि दातांच्या दोन्ही बाजूंना 0.3 आत. रुंद चिरेमुळे मोटरवर भार वाढतो, त्यामुळे फाडणीसाठी (लाकूड रेषांच्या दिशेने चिरायला) 24 दातीच घेतलं.

पुढचं काम वेळखाऊ. आधी पातं टेबलावर कोरलेल्या सरळ खाचेला समांतर आहे का ते पाहायचं: एका दातावर खूण करून तोच दात पुढे आणि मागे मोजायचा. वेगवेगळे दात मोजले तर मोजमाप पात्याचं होतं, मशीनचं नाही. ते जुळल्यावरच स्प्लिटरला हात लावायचा. सरळ पट्टी पुढच्या-मागच्या दातांना टेकवून पट्टी आणि स्प्लिटर यांच्यामधून फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पानं) घातला. फेन्सच्या बाजूला 0.1, दुसऱ्या बाजूला 0.5. बोल्टखाली 0.2 ची शिम (पातळ चकती) सरकवल्यावर दोन्हीकडे 0.3 झालं. हेच माप पातं पूर्ण वर असताना, खाली असताना आणि 45 अंशांना झुकवून पुन्हा घ्यायचं. फक्त 90 वर जुळवून सोडलेला स्प्लिटर झुकत्या कापात हमखास घासतो.

विकणाऱ्याने या भागाला रायव्हिंग नाइफ म्हटलं होतं. आकार तसा होता, पण या मशीनची बैठक पात्यासोबत झुकते, वर-खाली होत नाही. खरा रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर चढतो-उतरतो आणि दातांपासून 3 ते 8 मि.मी.वर राहतो. तो पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असल्यामुळे लाकडात आरपार न जाणारी खाच पाडतानाही काढावा लागत नाही. इथे तसं नाही. 254 मि.मी.चं पातं टेबलावर 75 मि.मी. असेल तर टेबलाच्या पातळीवर त्याची मागची कड मध्यापासून 116 मि.मी.वर येते, 20 मि.मी.वर उतरवलं की 68 वर. आर्बर सरळ वर-खाली होतो असं धरलं तर स्प्लिटर आणि पातं यांच्यात 48 मि.मी.ची भर पडली, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत चीर मिटू शकते. नाव बदलून बैठक बदलत नाही, हे मालकाला कागदावर काढून दाखवावं लागलं.

गार्ड पॉलिकार्बोनेटचा होता, ते ठीक. ॲक्रिलिक धक्क्याने तडकतं. पॉलिकार्बोनेटला मात्र थिनर चालत नाही, त्याने जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी पुरे. परतीचा झटका रोखणाऱ्या दातेरी पट्ट्यांची एक स्प्रिंग सैल निघाली, ती बदलली. पट्टीखालून फळी पुढे सरकवून हाताने मागे ओढली की दातांनी लगेच पकडलं पाहिजे. हे अर्थातच प्लग काढलेला असताना.

हा स्प्लिटर पात्याच्या माथ्यापेक्षा उंच आहे, म्हणून खाच पाडताना तो काढावाच लागणार आणि गार्डही त्याच्यासोबत निघणार. पहिला जोड बहुधा असाच काढून कुठेतरी ठेवला गेला असावा. मशीनच्या अंगालाच एक हुक ठोकून दिला.

शेवटी मुद्दाम ताण असलेली, मीटरभर लांबीची फळी फाडली. निम्म्याच्या पुढे गेल्यावर चीर मिटू लागली. स्विच बंद करून पातं थांबू दिलं आणि पाहिलं तर फळीची पुढची टोकं एकमेकांना टेकली होती. स्प्लिटरला लाकूड दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटलं होतं; पात्यापाशी मात्र फीलरचं पान दोन्हीकडून मोकळं फिरत होतं. चिरेत लाकडी पाचर ठोकली आणि उरलेला काप पूर्ण केला.